न जेवणारा पाहुणा

"जेवला का?" फोनवर त्रिंबकने विचारलं.

"जेवला," बद्रीनाथ म्हणाले आणि समोरच्या टबातल्या कासवाकडे बघवेना म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. कासवाचे डोळे सकाळपासून मिटलेलेच होते.

"किती जेवला?"

एक खोटं बोललं की दुसरं तयार ठेवावं लागतं, हे बद्रीनाथांना अडुसष्टाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं. "आपलं... पोटभर," ते म्हणाले.

"बघ, मी म्हणलं नव्हतं? आप्पा कुठंबी रमतो. तू उगं घाबरू राहिला होता. बरं, रविवारी येतो मी. डॉक्टरनं काळा चष्मा दिलाय. त्यातून पहिलं तोंड आप्पाचं बघणार, मग तुझं."

फोन बंद झाला. बद्रीनाथ खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. आज मंगळवार होता. आप्पाने खाद्याचा शेवटचा दाणा खाल्ला तो गेल्या गुरुवारी, आणि तोसुद्धा तोंडातून परत सोडून दिला होता.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात दोघांनी तीस वर्षं नोकरी केली होती. त्रिंबक काउंटरवर बसून पोरांशी भांडायचा आणि बद्रीनाथ मागे कपाटांच्या रांगांत पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायचे. बद्रीनाथांना सगळ्या शहरात मित्र म्हणावा असा हा एकच. तो शहराच्या पलीकडे, छावणी भागात एकटा राहायचा. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला कानापाशी लाल पट्टा असलेलं, रुपयाएवढं कासवाचं पिल्लू दिलं होतं. ते आता ताटलीएवढं झालं होतं. मान हळूच बाहेर काढायची, एकवार सगळीकडे बघायचं आणि नापसंतीने परत आत ओढून घ्यायची, ही त्याची रीत त्यांच्या जुन्या मुख्य ग्रंथपालांसारखी होती. त्या साहेबांना सगळे आप्पा म्हणत, म्हणून कासवही आप्पा.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्रिंबक तीन आठवडे नाशिकला मुलीकडे निघाला, तेव्हा टब घेऊन थेट बद्रीनाथांच्या दारात आला. "तुझ्याशिवाय कुणाला देणार?" एवढंच म्हणाला. हे वाक्य बद्रीनाथांच्या मनात रुतून बसलं. त्यांच्या हवाली लोकांनी आजवर पुस्तकं केली होती, किल्ल्या केल्या होत्या. श्वास घेणारं काही कुणी केलं नव्हतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग जानेवारीची थंडी पडली आणि आप्पाचा आहार सात दाण्यांवरून चारवर, चारवरून दोनवर आणि दोनवरून शून्यावर आला.

बद्रीनाथांनी आधी पुस्तकांकडे धाव घेतली. एका जाडजूड कोशात त्यांना वाक्य सापडलं : 'कासव अनेक आठवडे अन्नावाचून राहू शकते.' त्यांनी समाधानाने कोश मिटला. पाच मिनिटांनी त्यांना शंका आली म्हणून पुन्हा उघडला, तर पान उलटल्यावर पुढचं वाक्य होतं : 'परंतु आजारी कासवाची लक्षणेही नेमकी हीच असतात.'

मग टोमॅटो झाला. काकडी झाली. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग झाला. बद्रीनाथ जन्माचे शाकाहारी, पण शहागंजच्या बाजारातून वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत गुंडाळून त्यांनी सुकटसुद्धा आणली आणि चिमटीत धरून टबापाशी उकिडवे बसले. "घ्या ना आप्पा, थोडीशी तरी घ्या," असं ते अर्धा तास म्हणत राहिले. आप्पाने मान बाहेर काढली, सुकटीकडे पाहिलं, बद्रीनाथांकडे पाहिलं आणि मान आत घेतली. आपलंच काहीतरी चुकलंय, अशी बद्रीनाथांची खात्री पटली. ती तशी त्यांना कुठल्याही गोष्टीत लवकरच पटत असे.

बुधवारी त्यांनी आप्पाला कापडी पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्या मागे एक शेळीवाला उभा होता. डॉक्टर तरुण होता. त्याने कासव उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ठेवता कुठं याला?"

"माझ्या खोलीत. पुस्तकांच्या."

"ऊन येतं का तिथं?"

"नाही. उन्हाने पुस्तकं पिवळी पडतात."

"मी पुस्तकांचं विचारत नाही, काका. पाणी कधी बदलता?"

"नळ आला की."

"म्हणजे रोज."

"म्हणजे आठव्या दिवशी."

डॉक्टरचा पेन हवेत थांबला. "असं चालणार नाही. थंडीनं आणि घाण पाण्यानं याची भूक मेलीय. औषध काही नाही. रोज ताजं पाणी, भरपूर. आणि सकाळचं दोन तास ऊन, टबासकट. तीन-चार दिवसांत खायला लागलं तर ठीक. नाहीतर अवघड आहे."

मागून शेळीवाला पुढे वाकला. "डाक्टरसाहेब, तुम्ही कोन्या गावचे?"

"कोल्हापूरकडचा. का?"

"तरीच," शेळीवाला आपल्या शेळीला म्हणाला.

बद्रीनाथ हडको वसाहतीतल्या ज्या गल्लीत चार वर्षं भाड्याने राहत होते, तिथे नळ आठव्या दिवशी येत असे. मागचा रविवारी येऊन गेला होता, पुढचा सोमवारी येणार होता. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपडे पिळलेलं पाणी अंगणाला, अशी तिथली शिस्त होती. बद्रीनाथांच्या निळ्या ड्रममध्ये आता दोन बादल्या उरल्या होत्या. बुधवारी त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी आप्पाला दिलं आणि आपण ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलं. गुरुवारी सकाळी पिण्याच्या पाण्याचा जार मागवला. त्याचं पाणी इतकं गार निघालं, की आप्पाने चारही पाय, शेपूट आणि मान आत ओढून घेतली. टबात नुसता दगड उरला. गरम करून घालावं तर किती गरम करायचं, हे कुठल्याच कोशात दिलेलं नव्हतं, आणि कोमट म्हणजे नेमकं किती या विचाराने त्यांचा हात गॅसच्या बटणावरून तीनदा मागे आला.

शेवटी बादली घेऊन ते शेजारच्या चतुराबाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले. चतुराबाईंचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू जाई. चार वर्षांत बद्रीनाथ त्यांच्याशी दोनदा बोलले होते आणि दोन्ही वेळा "नाही" एवढंच म्हणाले होते. दारात उभं राहून त्यांनी मनात वाक्य घोळवलं, 'कासवासाठी थोडं पाणी हवं होतं.' पाचव्या दिवशी, लोक चूळसुद्धा मोजून भरत असताना, हे वाक्य माणसाने कुठल्या तोंडाने म्हणायचं? ते परत फिरणार तोच दार उघडलं.

"काय हो काका?"

"पाहुणे आलेत," बद्रीनाथ म्हणाले.

आपण हे का म्हणालो, ते त्यांनाही कळलं नाही. पण त्या गल्लीत हे शब्द उच्चारले की ड्रमची झाकणं आपोआप उघडत. पाहुण्याला पाणी नाही म्हणायचं नाही, हा तिथला न लिहिलेला कायदा होता. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे.

"अगं बाई! तुमच्याकडं पाहुणे?" चतुराबाईंना त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला. चार वर्षांत त्या घरात माणूस शिरलेला त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी बादली हातातून ओढून घेतली आणि वर दोन हंडेही भरले. "कोण आलंय?"

"आप्पा."

"कोण आप्पा?"

"छावणीतले. मित्राकडचे."

"मग बाहेर दिसले नाय कवा?"

"आजारी आहेत," बद्रीनाथ म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. पण आठवडाभर मनात साठलेली काळजी कुणालातरी सांगायची राहिली होती. "आठवडा झाला, काही खात नाहीत हो. मान वर करत नाहीत."

चतुराबाईंचा हात छातीवर गेला.

तासाभरात मुगाची पातळ खिचडी आली. दुपारी समोरच्या साळूबाई ज्वारीची आंबील घेऊन आल्या आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या नानासाहेबांनी काढा पाठवला. नानासाहेब पंचायत समितीतून निवृत्त झालेले, गल्लीचे कारभारी. निरोप होता, 'एक एक घोट, दिवसातून तीन वेळा. उद्या भेटायला येतो.' आणि हे सगळं पाण्यासकट. ज्याच्या त्याच्या हातात एक कळशी होती. चार वर्षांत बद्रीनाथांच्या घरात इतकं पाणी कधी नव्हतं. त्यांनी टबातलं पाणी दोनदा बदललं. आप्पा पाय सैल सोडून तरंगू लागला, पण डोळे त्याने उघडले नाहीत.

अडचण झाली ती भांड्यांची. भरलेलं भांडं परत करावं तर घरोघरचा अपमान. म्हणून बद्रीनाथांनी खिचडी स्वतः खाल्ली, आंबील स्वतः प्यायली आणि काढ्याचा पेला डोळे मिटून रिकामा केला. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून प्रत्येकात मूठभर साखर घातली. साखर संपली तेव्हा साळूबाईंच्या डब्यात दोन जुनी मासिकं ठेवली.

"आवं चतुराबाई!" दारातूनच साळूबाईंनी हाक दिली. "डबा चाटूनपुसून दिलाय! पाहुणे खाऊ राहिले!"

त्यामुळे शुक्रवारी सकाळी लापशी, उपमा आणि आणखी एक खिचडी आली. बद्रीनाथांनी ते सगळं भिंतीकडे तोंड करून संपवलं. दुपारपर्यंत त्यांची स्वतःची भूक पार मेली. टबात एक आणि खुर्चीत एक, असे दोघे न जेवणारे एकमेकांकडे बघत बसले.

पाण्याचा प्रश्न सुटला होता. उन्हाचा सुटत नव्हता. घराला छप्पर पत्र्याचं, मागे दुसऱ्या घराची भिंत. कोवळं ऊन यायचं ते फक्त समोरच्या ओट्यावर, आठ ते अकरा. आणि नेमकी आठ ते अकरा सगळी गल्ली बाहेर असायची. बायका सूप घेऊन भाजी निवडत, नानासाहेब खुर्ची टाकून पेपर वाचत. टब ओट्यावर नेला की विचारणार, पाहुणे कुठंत? आणि हे काय?

म्हणजे पाणी मिळालं होतं ते पाहुण्याच्या नावावर, आणि त्याच पाहुण्यामुळे ऊन बंद झालं होतं. बद्रीनाथ खोलीत येरझाऱ्या घालू लागले. चार पावलं कपाटापर्यंत, चार पावलं टबापर्यंत. शेवटी त्यांनी दाढीचा आरसा काढला. खिडकी बोटभर उघडली, आरसा फटीत तिरपा धरला, आणि ओट्यावरचं ऊन पकडून टबात पाडायचा प्रयत्न सुरू केला. उन्हाचा कवडसा एकदाच आप्पाच्या पाठीवर बसला, तिथून कपाटावर उडाला आणि बाहेर जाऊन थेट नानासाहेबांच्या पेपरावर नाचू लागला.

नानासाहेबांनी पेपर खाली केला. कवडसा त्यांच्या नाकावर आला.

"कोण आहे रे?"

खिडकी खाडकन बंद झाली.

"मी काय म्हणतो," नानासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा, "आतला माणूस आरशानं खुणा करू राहिलाय."

"खुणा कामून करंल?" साळूबाई.

"बाहेर येऊ देत नसंल हा. दार लावून ठेवतो. दोन दिवस झाले, खोकल्याचा आवाज नाय, बोलण्याचा आवाज नाय. आणि मोरी पाहा, सारखी वाहू राहिलीय. आजारी माणूस थंडीत दिवसातून तीनदा आंघोळ करतो का?"

"माय गं!" चतुराबाई म्हणाल्या. "आणि मी त्याला दोन हंडे दिले."

हे सगळं खिडकीमागे उभ्या असलेल्या बद्रीनाथांना ऐकू आलं. संध्याकाळी नानासाहेब आले तेव्हा त्यांनी दार न उघडता आतूनच, "झोपलेत," म्हणून सांगितलं. त्याने संशय होता तो पक्का झाला.

रात्री त्रिंबकचा फोन आला. "जेवला का?"

"हो," बद्रीनाथ म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

शनिवारी सकाळी आप्पा एका बाजूला कलून तरंगत होता. बद्रीनाथांनी बोटाने पाठीवर हळूच टकटक केली. एरवी तो मान तरी आत घ्यायचा. आज मान बाहेरच राहिली, लोंबत. उद्या त्रिंबक काळा चष्मा लावून दारात येणार आणि पहिलं तोंड...

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"बद्रीनाथराव! दार उघडा. आज आम्ही आप्पांना भेटल्याशिवाय जाणार नाय. उघडत नसाल तर छावणीत माणूस पाठवून त्यांच्या घरच्यांना खबर देतो."

बद्रीनाथांनी दाराकडे बघितलं. फटीतून उन्हाची एक रेघ आत येऊन त्यांच्या पायाशी पडली होती. आयुष्यभर ते दारांच्या आतल्या बाजूला राहिले होते आणि आतून बोलणं त्यांना सोपं जायचं. पण आप्पाला ऊन हवं होतं, आणि ते बाहेर होतं. त्यांनी टब उचलला. पाण्यासकट तो जड होता. कोपराने कडी काढली, खांद्याने दोन्ही फळ्या ढकलल्या आणि ते ओट्यावर आले. समोर नानासाहेब, चतुराबाई, साळूबाई आणि मागे आणखी सात-आठ जण. बद्रीनाथांनी त्यांच्यामधून वाट काढून टब भर उन्हात ठेवला. अर्धं पाणी नानासाहेबांच्या चपलांवर सांडलं.

"हे आप्पा," ते म्हणाले.

नानासाहेबांनी आत डोकावून खोली बघितली. पुस्तकं होती. दुसरं कुणी नव्हतं.

"हे?" चतुराबाईंनी विचारलं. "हे पाहुणे?"

"मित्राचं कासव आहे. मरायला टेकलंय. रोज ताजं पाणी आणि ऊन, असं डॉक्टर म्हणाले. कासवाला पाणी द्या, असं तुम्हाला म्हणायची मला लाज वाटली, म्हणून पाहुणे म्हणालो. ऊनही तुमच्यापुढेच होतं, त्यामुळे तेही देता आलं नाही. माझं चुकलं. जेवढं पाणी घेतलं तेवढं सोमवारी माझ्या नळाचं घ्या. पण आत्ता याला इथून हलवू नका." बद्रीनाथांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात लांब भाषण होतं. ते संपल्यावर ते पायरीवर बसले.

मग मात्र गल्लीला कंठ फुटला.

"म्हणजे माझे दोन हंडे या जनावराला?" चतुराबाई कडाडल्या. "माझी सून परवापासून डोक्यावरून न्हायली नाय!"

"माझी आंबील कासवानं खाल्ली?" साळूबाई.

"नाही. ती मी खाल्ली."

"आणि लापशी?"

"तीसुद्धा मीच."

"अन् माझा काढा?" नानासाहेबांनी विचारलं.

"प्यायलो. एका दमात."

"मग गुण आला का?"

"मला काही झालंच नव्हतं, नानासाहेब."

"लई झालं हे!" चतुराबाईंनी कमरेला पदर खोचला. "चार वर्षं तोंड उघडलं नाय माणसानं, आणि उघडलं ते खोटं बोलाया! पाहुण्याच्या नावानं? अवो, पाहुण्याच्या नावानं कोणी..."

हे पंधरा-वीस मिनिटं चाललं. सगळे एकदम बोलत होते आणि एकमेकांच्या वरताण बोलत होते. बद्रीनाथ मान खाली घालून ऐकत होते. मान खाली असल्यामुळेच त्यांना ते आधी दिसलं. उन्हात आप्पाचा एक मागचा पाय लांब झाला. मग दुसरा. पाठीवरचं पाणी सुकून कवचाची नक्षी दिसायला लागली. डोळा उघडला. मान निघाली, नेहमीपेक्षा दुप्पट लांब, आणि भांडता भांडता टबाच्या काठाला टेकवलेल्या साळूबाईंच्या सुपाकडे वळली. सुपात निवडून ठेवलेली मेथी होती. एक काडी काठावरून आत लोंबत होती.

"...आम्ही काय मूर्ख आहोत काय, की कोणीबी यावं आणि..." नानासाहेब म्हणत होते.

"गप बसा!" चतुराबाई एकदम ओरडल्या. "सगळे गप बसा! जेवू राहिलं ते!"

गल्ली चिडीचूप झाली. आप्पाने काडी तोंडात धरली, ओढली, पाण्यात पाडली, पुन्हा शोधली आणि पान तोडलं. त्याच्या जबड्याचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. दुसरं पान गेलं. तिसरं.

"कोवळी दे गं, साळू," चतुराबाई कुजबुजल्या. "दांड्या नको देऊ, पोट रिकामं हाय त्याचं."

नानासाहेब खुर्ची ओढून बसले, पण आप्पावर सावली पडते म्हणून लगेच उठले आणि पलीकडे जाऊन बसले. बद्रीनाथांना काही दिसेनासं झालं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो कोरडाच आहे हे पाहून परत लावला. पाहुणा खोटा होता हे खरं. पण गल्लीने तीन दिवस त्याची काळजी केली होती, आणि ती केलेली काळजी आता कुठे ठेवायची, हे कुणालाच कळत नव्हतं. म्हणून प्रत्येकाने ती आप्पालाच देऊन टाकली. अकरा वाजता ऊन ओट्यावरून हललं, तेव्हा चार जणांनी टब उचलून नानासाहेबांच्या अंगणात नेला, कारण तिथे ते साडेबारापर्यंत असतं. बद्रीनाथ बरोबर गेले. चार वर्षांत त्या अंगणात त्यांचं ते पहिलं पाऊल होतं. तिथे त्यांना चहा मिळाला, आणि बशीत ओतून फुंकत पितात म्हणून चतुराबाईंनी त्यांची चेष्टाही केली.

रविवारी दहाच्या सुमाराला त्रिंबकची रिक्षा गल्लीत शिरली. काळा चष्मा, गळ्यात मफलर, हातात रिकामी पिशवी. ओट्यावर टब होता आणि टबाभोवती सहा माणसं. आप्पा भाजीवाल्याकडून खास आणलेली मेथी खात होता.

"अरे वा!" त्रिंबक म्हणाला. "आप्पा! चल बाबा घरी."

कुणी जागचं हललं नाही. चतुराबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे कोण?"

"आप्पाच्या घरचे," बद्रीनाथ म्हणाले.

"असं व्हय. या, बसा," नानासाहेबांनी खुर्ची पुढे केली. साळूबाई आत गेल्या आणि पोह्यांची बशी घेऊन आल्या. त्रिंबक गोंधळून बसला.

"राहायला छावणीत ना? घर स्वतःचं का भाड्याचं?" नानासाहेबांनी विचारलं.

"स्वतःचं. दोन खोल्या. कामून?"

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच. मुलगी नाशिकला दिली."

"म्हणजे दिवसभर लक्ष द्यायला बाई-माणूस नाय," चतुराबाई साळूबाईंना म्हणाल्या. "पाणी कितव्या दिवशी येतं?"

"येतं की. टाकी आहे माझी."

"टाकी धुता कवा?"

"अहो बाई, बारा वर्षं मी सांभाळलंय त्याला!"

"सांभाळलं असंल. आम्ही कुठं नाय म्हणतो? पोहे घ्या ना. ऊन कोन्या बाजूनं येतं?"

त्रिंबक आता खुर्चीच्या टोकाला आला होता. "ऊन पुढच्या खिडकीतून येतं. पण सध्या पडदे लावलेत. ऑपरेशन झालंय ना, उजेड सोसत नाही. महिनाभर अंधारातच राहा म्हणलेत डॉक्टर."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नानासाहेबांनी पेपरची घडी घातली.

"अंधार," ते म्हणाले.

"महिनाभरच!"

"ठीक आहे. माणूस तुम्ही चांगले दिसता, आमची ना नाय. पण घाई करायची नाय अशा गोष्टीत. चतुराबाई आणि साळूबाई एकदा येऊन घर बघून जातील. मग आम्ही आपसात बोलतो आणि कळवतो."

"कळवतो?" त्रिंबकने चष्मा काढला, उजेडाने कळ आली म्हणून परत लावला. "काय कळवता? बद्री! अरे, तू तरी सांग यांना काहीतरी!"

सगळे बद्रीनाथांकडे वळले. त्यांनी टबाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे बघत पोह्यांची बशी मित्रापुढे सरकवली.

"तुझा नंबर आहे माझ्याकडे," ते हळूच म्हणाले. "कळवतो."